चुलीचा हिशेब आणि मुलाची भूक

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ‘घरचा रोजचा स्वयंपाक’ असा मी जाहीर केला, तेव्हा आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यांवर किंचित हसू उमटलेले मी पाहिले. शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने पटसंख्येविषयी बोलावे, वाचन-लेखनाविषयी बोलावे. भाकरी-कालवणाशी त्याचा काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बाराच्या सुमारास ज्या मुलाची मान खाली जाते, काल तोंडपाठ असलेला पाढा ज्याला आज आठवत नाही, त्याला मंद ठरवून आपण पुढच्या मुलाकडे वळतो. मंद कोण आणि उपाशी कोण हे ओळखणे हा आपल्या व्यवसायातील पहिला धडा होय. प्रशिक्षित शिक्षक म्हणून मी शाळेवर रुजू झालो, त्या वेळी हा धडा मला येत नव्हता. तो कसा मिळाला ते प्रथम सांगतो.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी भीमेकाठच्या एका गावी होतो. हिवाळ्याचे दिवस होते आणि ऊसतोडणीचा हंगाम चालू होता. तोडणी कामगारांची काही मुले माझ्या वर्गात येऊन बसत. मी भिंतीवर समतोल आहाराचा एक तक्ता लावला होता. त्यावर दूध, अंडे, केळी, पालेभाजी व डाळ यांची सुरेख चित्रे होती. चाचणीच्या दिवशी मी प्रश्न घातला, ‘आज सकाळी तुम्ही काय खाल्ले ते पाच ओळींत लिहा.’ तिसरीतील एका मुलीने दूध, अंडे, केळी अशी सर्व नावे तक्त्यातल्याच क्रमाने लिहिली. अक्षर वळणदार होते. मी पूर्ण गुण दिले, आणि ते उत्तर वर्गाला वाचूनही दाखविले.

पुढे ती मुलगी चार दिवस आली नाही, म्हणून संध्याकाळी मी तिच्या कोपीवर गेलो. तीन दगडांची चूल, एक परात, एक तवा आणि पिठाचा डबा, एवढाच संसार होता. आई पहाटे तीनला उठून दिवसभराच्या भाकरी थापी आणि उजाडण्यापूर्वी नवऱ्याबरोबर फडात जाई. धाकटे भावंड ही मुलगी सांभाळी. भाकरी आणि ठेचा हेच सकाळचे, दुपारचे आणि पुष्कळदा रात्रीचेही जेवण होते. मी आईला आहाराविषयी चार शब्द सांगू लागलो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुरुजी, भाकरीला कमी न्हाई. पर कालवणाला येळ कुठून आणावा?” मुलगी खाली मान घालून उभी होती. आपण काय लिहिले होते ते तिला आठवत असावे. मला तर आठवतच होते. तिच्या खऱ्या उत्तराला माझ्या तक्त्यात जागाच नव्हती, आणि जे खोटे होते त्याला मी पूर्ण गुण दिले होते.

त्या दिवसापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि तोच आज आपणांपुढे ठेवतो : आहाराचा उपदेश करण्यापूर्वी त्या घरच्या चुलीचा हिशेब समजून घ्यावा. हा हिशेब चार रकान्यांचा असतो. घरात दाणा किती, सरपण वा गॅस किती, वेळ किती आणि काम करणारे हात किती. या चारांपैकी ज्याची तूट असेल, त्यावर भार टाकणारा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो चुलीपर्यंत पोचत नाही.

भूक आणि शिक्षण यांचा संबंध आपल्या मुलखाला नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ, उपाशी मुली आणल्या, आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांना आसरा दिला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुले यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. तेथे अक्षरओळखीच्या आधी अन्न द्यावे लागले, आणि शेती, विहिरी व स्वयंपाक हाच शिक्षणाचा एक भाग झाला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या गावांतील वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहिला आहे. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो यांच्या आठवणी ते अजून सांगतात. मुलांना त्यांच्याकडे पाठवून त्या आठवणी लिहून आणावयास सांगा. परिसर अभ्यासाचा याहून जिवंत पाठ मला ठाऊक नाही.

आता दाण्याच्या रकान्याकडे वळू. आपल्याकडची भाकरी हे हलके अन्न नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात. मात्र शरीराची वाढ करणारा लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक ज्वारीत कमी असतो, आणि नेमका तोच डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर पिठले, आमटी किंवा मटकीची उसळ असली म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. शास्त्राने हे कारण अलीकडे सांगितले. आपल्या आज्या-पणज्या ते पानात वाढीत आल्या. हुलग्याचे शेंगोळे हे याच शहाणपणाचे उदाहरण होय. एकाच भांड्यात, थोड्या तेलात, सारे घर पोटभर जेवते.

माप किती असावे, याचा अंदाज शाळेच्या आहारावरून येतो. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण असून, त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. हे एका वेळच्या जेवणाचे माप झाले. घरी पाच माणसांच्या कालवणात मूठभर डाळ आणि तांब्याभर पाणी असेल, तर पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराच्या वाट्याला फारसे काही येत नाही. माणशी एक लहान मूठ डाळ, हे सूत्र आईला सांगण्यास सोपे आणि मुलास मोजण्यास त्याहून सोपे आहे.

ज्या आईला वेळच नाही, तिला काय सांगावे? गिरणीत दळण नेताना चार भाग ज्वारीत एक भाग उडीद किंवा दुसरे कडधान्य मिसळावे. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, ती याच रीतीची. कालवण करण्यास वेळ मिळाला नाही, तरी कडधान्य भाकरीतूनच पोटात जाते. दुसरे असे की, मटकी रात्री भिजत घालावी आणि सकाळी फडक्यात बांधून ठेवावी. मोड आलेली मटकी लवकर शिजते, सरपण वाचते, आणि तिच्यात क जीवनसत्त्वही तयार होते. तिसरे, बांधावरचा शेवगा. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, रानातला तांदुळजा, घोळ, पाथरी आणि हिवाळ्यात करडईचा व हरभऱ्याचा पाला यांना पैसा पडत नाही. वर लिंबाची एक फोड पिळली तर पालेभाजीतील लोह शरीरास अधिक लागू पडते. उलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या लोहाच्या आड येतो. तो तासाभराने घ्यावा.

आपल्या दोन्ही तालुक्यांचे रूप पालटले आहे. खडकवासल्याचा आणि चासकमानचा कालवा जेथे पोचला, तेथे शाळूच्या जागी ऊस उभा राहिला आणि ज्वारी विकत घेण्याची पाळी आली. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडीच्या बाजूला कारखान्यांतील पाळ्यांवर आई-बाप दोघेही जातात, आणि एका खोलीत संसार चालतो. अशा घरातील मूल चहात बिस्किटे बुडवून खाते आणि शाळेत येते. पैसा अगदीच नाही असे नव्हे; तेथे तूट वेळेची आणि हातांची आहे. त्या मुलाला सांगावे की, रात्रीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून खाणे यात कमीपणा नाही. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ती न्याहारी केव्हाही चांगली.

आणखी एक गोष्ट मुलांना पाहावयास शिकवा. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? बहुधा आई जेवते, आणि तोवर कालवणाचे पातेले खरवडलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आईचे ताट आधी वाढून बाजूला ठेवण्याची सवय मुलांनी घरी लावली, तर त्यास खर्च काहीच नाही.

‘हातां’च्या रकान्यात मुलगेही धरले पाहिजेत. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. ते स्वतः अन्नतंत्रज्ञ होते. हाताने काम करीत शिकावे या त्यांच्या शिक्षणक्रमात सुतारकाम, शेती यांच्याबरोबर गृह व आरोग्य हाही विषय होता, आणि तो मुलामुलींना सारखाच होता. मटकी भिजविणे, शेंगा सोलणे, भाजी निवडणे ही कामे चौथीतील मुलाला सहज येतात. मोडांची वाढ रोज मोजून लिहिली तर विज्ञान झाले. पाच माणसांना डाळ किती, हे काढले तर गणित झाले.

अखेर शाळेत आपण काय करावे ते थोडक्यात सांगतो. कोणी काय खाल्ले हे भर वर्गात विचारू नये. ज्याची मान खाली आहे, त्यास बाजूला घेऊन हळूच विचारावे. आहार शिजविणाऱ्या ताईंना मुलांसमोर मानाने संबोधावे, त्यांच्या हातच्या चवीची नोंद मनापासून करावी आणि मुलांच्या पंक्तीत बसून आपणही चार घास खावेत. शाळेच्या परसबागेत शेवग्याची दोन झाडे अवश्य लावावीत. तोडणी कामगारांची मुले हंगामापुरती आली तरी त्यांना पहिल्या दिवसापासून पंक्तीत बसवावे. कागदपत्रांची पूर्तता मागाहून करता येते, गेलेले जेवण मागाहून देता येत नाही.

ती मुलगी हंगाम संपताच आपल्या गावी परत गेली. पुन्हा तिची भेट झाली नाही. पण त्यानंतरच्या चाचणीत मी प्रश्न बदलला होता. ‘तुमच्या घरी भाकरी कशी करतात ते लिहा.’ पीठ कोमट पाण्यात कसे मळावे, तवा तापला हे कसे ओळखावे, भाकरी कधी उलटावी, हे तिने पानभर लिहिले होते. त्यात चूक एकही नव्हती, आणि त्या वेळचे पूर्ण गुण तिचे स्वतःचे होते.