शेगडी वर, टाकी खाली : घरात गॅस नीट बसवू या

 

आजचा विषय आहे गॅस. टाकीचा भाव किती झाला हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे भावाबद्दल आज बोलत नाही. आज बोलायचं आहे ते गॅस घरात बसवायचा कसा, याबद्दल.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त चूल होती, तिथं टाकी आणि शेगडी आली. कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर झालं, ही मोठी गोष्ट झाली. पण आपली घरं चुलीसाठी बांधलेली आहेत. ओटा नाही, खिडकी नाही, असली तर हातभर. अशा घरात गॅस आला की तो जागा मिळेल तिथं बसतो.

आम्ही बचत गटाच्या काहीजणी वाडी-वस्तीवर जाऊन एकमेकींची स्वयंपाकघरं बघत असतो. काही घरांत शेगडी अजून खोक्यात असते, कारण घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘टाकी फुटती बाई, नको ते.’ मग धुरात डोळे चोळत चूलच चालू राहते. काही घरांत शेगडी जमिनीवर, टाकी तिच्या मांडीला मांडी लावून, आणि दोन हातांवर पेटती चूल. पहिल्या घरात भीती जास्त आहे, दुसऱ्या घरात भीती अजिबात नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट कमी आहे, ती म्हणजे गॅसच्या स्वभावाची माहिती.

तर आधी त्याचा स्वभाव समजून घेऊ.

टाकीत गॅस पातळ असतो. टाकी हलवली की आत डुचमळतं, ते तेच. दाबाखाली भरलेला हा पातळ गॅस बाहेर आला की त्याचा वायू होतो आणि तो सुमारे अडीचशे पट पसरतो. म्हणजे एक लोटा पातळ गॅस सांडला, तर अडीचशे लोटे वायू. हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीनं पेट घेतो. म्हणून ‘थोडीच तर गळती आहे’ असं म्हणायची सोय नाही.

दुसरी गोष्ट. हा वायू हवेपेक्षा जड आहे. चुलीचा धूर वर जातो, आढ्याला लागतो, कौलांतून निघून जातो. गॅस तसा जात नाही. तो पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवरून सरकतो, कोपऱ्यात आणि मोरीत साठतो. उंबरा उंच असेल तर उंबऱ्याच्या आत अडून राहतो. हे एकच वाक्य ध्यानात ठेवा : धूर वर जातो, गॅस खाली बसतो. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

तिसरी गोष्ट. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो उग्र, नकोसा वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती आपल्याला कळावी म्हणून. तेव्हा वास आला की ‘टाकी संपत आली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आता जागा कुठली निवडायची ते बघू.

शेगडी नेहमी टाकीपेक्षा वर हवी. आपली मोठी १४.२ किलोची टाकी साधारण दोन फूट उंच असते. शेगडीची जागा तिच्या डोक्यापेक्षा निदान अर्धा फूट वर धरा. म्हणजे ओटा अडीच फुटांचा किंवा त्याहून जरा उंच. शेगडी जमिनीवर असली आणि टाकीच्या तोंडाशी गळती झाली, तर जड गॅस खाली उतरून सरळ जाळात येतो. शेगडी वर असली की त्याची जाळाशी गाठ पडायचा धोका कमी होतो आणि वासानं आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो.

एका वस्तीवर आम्हाला नवीनच युक्ती दिसली. शेगडी खाली ठेवायची होती, म्हणून टाकीसाठी जमिनीत खड्डा खणला होता. दिसायला नियम पाळलेला, शेगडी वर आणि टाकी खाली! पण गळलेला गॅस त्या खड्ड्यात विहिरीसारखा साठणार. टाकी खड्ड्यात, तळघरात किंवा दार लावलेल्या फडताळात ठेवायची नाही. ती सपाट जमिनीवर, उभी, मोकळ्या हवेत हवी. आडवी तर कधीच करायची नाही. आडव्या टाकीतून वायूऐवजी पातळ गॅस नळीत उतरू शकतो.

ओट्यासाठी संगमरवर लागत नाही. विटांचे दोन खांब आणि वर शहाबादी फरशी एवढ्यावर काम होतं. नुसत्या लाकडी फळीवर शेगडी ठेवू नका, आणि वर प्लास्टिकचा कागद किंवा वर्तमानपत्र अंथरू नका. शेगडी भिंतीला टेकवून ठेवा, पण बरोबर खिडकीसमोर नको. वाऱ्यानं जाळ विझतो आणि गॅस तसाच सुटत राहतो. मात्र खोलीत हवा खेळायला हवी. वर खिडकी किंवा झरोका, आणि खाली जमिनीलगत एक वाट, मग ते दार असो की जाळी लावलेलं भोक.

इथं एक प्रश्न हमखास येतो. ‘उभ्यानं भाकरी कशी थापायची? आमचा जन्म पाटावर बसून गेला.’ खरं आहे. पण काठवट ओट्यावर ठेवून थापायची सवय हळूहळू होते. गुडघे दुखत असतील तर उंच स्टूल घ्या. पाच किलोची छोटी टाकीही मिळते, ती बुटकी असल्यामुळे ओटा कमी उंचीचा चालतो. शेगडी टाकीच्या वर, हा नियम मात्र तिथंही तोच.

आणि चूल? आंघोळीच्या पाण्यासाठी चूल लागते, हे आम्हालाही माहीत आहे. ती पडवीत किंवा अंगणात हलवा. ज्या खोलीत टाकी जोडलेली आहे, तिथं दुसरा जाळ नको. चूल नको, स्टोव्ह नको, टाकीजवळ देवाचा दिवाही नको.

आता जोडणीकडे येऊ.

नवीन कनेक्शन असेल तर एजन्सीचा माणूस घरी येऊन शेगडी जोडून द्यायला हवा आणि कशी वापरायची ते घरातल्या बाईला दाखवायला हवं. ‘तुम्हीच लावून घ्या’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मालकांना दाखवलं तेवढं पुरे नाही, वापरणारी तुम्ही आहात.

नळी एजन्सीकडूनच घ्या. तिला सुरक्षा नळी म्हणतात. रंग नारिंगी, आत तारेची जाळी असते, वर आयएसआयची खूण आणि वर्ष छापलेलं असतं. बाजारातली साधी रबरी किंवा पाण्याची हिरवी नळी लावू नका. उंदरानं कुरतडली तरी गळते, उष्णतेनं मऊ पडली तरी गळते. लांबी दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा जास्त नको. भिंतीतून पलीकडे नळी न्यायची नाही. मध्ये जोड द्यायचा नाही. नळी शेगडीच्या खालून किंवा गरम तव्याजवळून जाऊ देऊ नका. तिच्यावर फडकं गुंडाळू नका, चीर पडली तर दिसणार नाही. नळीचं टोक घट्ट बसत नाही म्हणून जाळावर गरम करून ताणणं ही तर मोठी चूक. आणि दर पाच वर्षांनी नळी बदला, वरून चांगली दिसली तरी.

टाकी बदलताना क्रम पाठ करा. आधी घरातला सगळा जाळ विझवा, उदबत्तीसुद्धा. शेगडीची बटणं बंद. रेग्युलेटरचं बटण बंद. मग रेग्युलेटर काढा आणि रिकाम्या टाकीला लगेच टोपी लावा. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरलेला असतो. भरलेल्या टाकीची टोपी काढून रेग्युलेटर बसवा. टोपी फेकू नका, दोरीनं टाकीलाच राहू द्या. रेग्युलेटर तोंडावर सरळ ठेवून थोडा फिरवत दाबा आणि खालची कडी खाली ढकला. ‘टक्’ असा आवाज आला म्हणजे तो बसला. वर ओढून बघा, निघायला नको.

यानंतर तपासणी. वाटीत साबणाचं पाणी फेसाळ करा. रेग्युलेटर चालू करा, शेगडी बंदच ठेवा. मग फेस रेग्युलेटरच्या भोवती आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधायची नाही. वाटीभर पाण्यात जे काम होतं, त्यासाठी घर पणाला लावू नका.

टाकी घेतानाही डोळे उघडे ठेवा. गॅसवाला दारात आहे तोवरच बघायचं. एक, सील शाबूत आहे का. दोन, वजन. टाकीच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा. रिकामी १५.३ असेल, तर भरलेली २९.५ किलो भरली पाहिजे. काटा मागा, तो आपला हक्क आहे. तीन, तोंडाच्या आतलं काळं रबरी कडं जागेवर आहे का. चार, टोपी काढून तोंडात चार थेंब पाणी टाका. बुडबुडे आले तर टोपी लावून टाकी परत. पाच, तारीख. कड्याच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. बी आणि २७ असेल, तर त्या टाकीची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बोलवा. तिलाही कळेल.

आता एवढं करूनही एखाद्या रात्री वास आलाच, तर?

दिव्याचं बटण दाबायचं नाही. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्या. लावतानाही ठिणगी पडते आणि बंद करतानाही. पंखा नको, काडी नको, घरात मोबाईल नको. रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या सताड उघडा. पोरांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढा. जमत असेल तर रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा आणि टाकी उभीच बाहेर मोकळ्यावर न्या. मग घरापासून लांब जाऊन १९०६ ला फोन करा. हा गॅस गळतीसाठीचा नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. आग लागली असेल तर सामान वाचवायला आत जाऊ नका. आधी माणसं बाहेर, मग ११२ ला फोन.

अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही. पळालं की वारा लागून जाळ वाढतो. खाली लोळायचं, किंवा दुसरीनं जाड गोधडी किंवा घोंगडं गुंडाळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं पाणी ओतत राहा. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका. भाजणं मोठं असेल तर १०८ ची गाडी बोलवा. आणि रोजच्या स्वयंपाकाला शक्यतो सुती साडी, पदर खोचलेला.

सयांनो, हे सगळं ऐकून भीती वाढली असेल तर आमचं बोलणं वाया गेलं. नीट बसवलेला गॅस घाबरण्यासारखा नाही. धुरानं डोळे आणि छाती रोज झिजत असतात, ते मात्र कुणी मोजत नाही. शेगडी खोक्यात ठेवून आपण सुरक्षित राहत नाही.

अडचण आहे ती ओट्याच्या पैशांची. विटा, फरशी, गवंड्याची मजुरी. घरात ट्रॅक्टरच्या टायरला पैसे निघतात, ओट्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ होतं. म्हणून आमचं सांगणं आहे की हा विषय गटाच्या बैठकीत घ्या. अंतर्गत कर्ज आपण बियाण्याला देतो, आजारपणाला देतो, तसं ओट्यालाही देऊ या. फरश्या मिळून आणल्या तर एकाच गाडीभाड्यात चार घरांचं काम होतं. एकमेकींच्या घरी हात लावला तर मजुरीही वाचते.

या आठवड्यात एवढं करा. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि एकमेकींच्या घरी जाऊन हे बघा :

शेगडी टाकीच्या वर आहे का?
टाकी उभी आणि मोकळ्या हवेत आहे का?
नळी नारिंगी आहे का, आणि तिच्यावर वर्ष कोणतं छापलंय?
त्याच खोलीत चूल किंवा दिवा पेटतो का?
साबणाच्या पाण्यानं तपासलं का?
रात्री निजताना रेग्युलेटर बंद करायचं काम कुणाचं?
१९०६ हा नंबर भिंतीवर लिहिलाय का?

शेवटच्या कामाला खडू किंवा कोळसा पुरतो. मोठ्या अक्षरांत लिहा, पोरांना वाचता येईल अशा उंचीवर.

कुणाच्या घरी काय सापडलं आणि काय दुरुस्त केलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचेच अनुभव इथं सांगू. तोवर सांभाळून राहा. रामराम.