समजलं का, की करून दाखव?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कुणाचं दुकान आहे, कुणाचं वर्कशॉप, कुणाचा दवाखाना. कुणी बँकेत आहे, कुणी माझ्यासारखं सॉफ्टवेअरमध्ये. पण एक तक्रार सगळीकडे ऐकू येते, "नवी मुलं कामाची नाहीत." मला विचारावंसं वाटतं, त्यांना काम शिकवलं कुणी, आणि कसं?

बऱ्याच कंपन्यांत प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस हॉलमध्ये स्लाइड्स, मधे चहा-बिस्किटं आणि शेवटी एक फॉर्म, 'कार्यक्रम कसा वाटला?' अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याची पद्धत बदलली का, आणि त्यातून कामाचा फायदा काय झाला. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देते. डेटाचा बॅकअप घ्यायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सर्व्हर बंद पडल्यावर त्या बॅकअपमधून डेटा परत आणणं स्लाइड बघून जमत नाही. म्हणून आमच्या टीममध्ये नवी इंजिनिअर आली, की चाचणीच्या सर्व्हरवर तिला ते एकदा करून दाखवतो. मग ती स्वतः करते. शेजारच्या सीनियरने कीबोर्डला हात लावायचा नाही. ती जिथे अडेल, तिथे आमच्या लेखी सूचना दुरुस्त करायच्या. महिन्याभराने तेच काम पुन्हा, पण एकटीने. यात सीनियरचा अख्खा दिवस जातो. मात्र रात्री दोन वाजता खरोखरच सर्व्हर पडला, तर ती गांगरत नाही.

"शिकवलं आणि सोडून गेला तर?" असं पुष्कळ जण म्हणतात. जातात काही जण. पण तो आहे तोवर आपलं गिऱ्हाईक, पेशंट, डेटा त्याच्याच हातात असतो ना? शिवाय न शिकवलेल्या माणसाचं काय होतं, तेही बघा. तो चुकतो, बोलणी खातो, विचारायला घाबरतो आणि हळूहळू स्वतःलाच बिनकामाचा समजू लागतो. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

तेव्हा नव्या माणसाला "समजलं का?" असं विचारू नका. सगळे 'हो'च म्हणतात. "करून दाखव" म्हणा. आपले सर आणि बाई फळ्यापाशी बोलावून गणित सोडवायला लावायचे, ते याचसाठी. आणि तो अडला, तर चूक आधी आपल्या सांगण्यात शोधा.