झिरझिरीत रिबन : ताठपणाचे रहस्य



इंदूरच्या मराठी घरांत रुखवताच्या ताटांवर आणि गौरींच्या मखरावर
जी झिरझिरीत, आरपार दिसणारी रिबन बांधली जाते,
तिला ऑर्गंझाची रिबन म्हणतात.

ऑर्गंझा म्हणजे घट्ट पीळ दिलेल्या बारीक धाग्यांचे,
साध्या उभ्या-आडव्या विणीचे विरळ कापड.

ते इतके तलम असूनही ताठ कसे राहते, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.
कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो;
एरवी तो साबणाच्या पाण्यात उकळून काढतात,
पण रेशमी ऑर्गंझात तो राहू देतात, आणि ताठपणा येतो तो त्यातूनच.

मध्य प्रदेशातल्याच चंदेरी साडीची सुरेख पारदर्शकताही
अशाच डिंक न काढलेल्या रेशमाची देणगी आहे.

बाजारातील आजची रिबन मात्र बहुतेक नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते.

तिच्याआधी सजावटीचा मान गोट्याचा होता.
गोटा म्हणजे चपट्या धातूच्या तारेचा बाणा घालून विणलेली चकचकीत पट्टी.
गोटा प्रकाश परतवतो,
तर ऑर्गंझा प्रकाश आरपार जाऊ देते,
म्हणून मखरातील दिव्यापुढे तीच अधिक खुलते.

रेशमी ऑर्गंझाचा ताठपणा डिंकाचा, हे पुन्हा सांगावेसे वाटते,
कारण रेशमी रिबन साबणाच्या गरम पाण्यात धुतली,
तर तो डिंक निघून ती लुळी पडते.

कृत्रिम धाग्याची रिबन तिरकी कापून
तिची कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवली,
की धागे वितळून एकमेकांना चिकटतात
आणि सुते निघत नाहीत.