सुभेदार रामजी सकपाळ : पलटणींतले मास्तर
(विद्यार्थी दिनीं सातारा येथें केलेलें भाषण)



७ नोव्हेंबर १९०० रोजीं याच साताऱ्याच्या सरकारी शाळेंत भीमराव आंबेडकरांचें नांव दाखल झालें. त्या मुलाला शाळेची पायरी दाखविणारा बाप कोण होता, तें आज सांगतों.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ मूळचे कोंकणांतील आंबडव्याचे. वडीलही शिपाईच. गांवानें ज्या जातीला अक्षर वर्ज्य केलें, तिच्या मुलांमुलींना पलटणींत शिक्षण सक्तीचें होतें! रामजींनीं पलटणीच्या शाळेंत चौदा वर्षें हेडमास्तरी केली.

पुढें १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली. नुसती भाकरी गेली नाहीं, शाळाही गेली. रामजींनीं न्यायमूर्ति रानड्यांकडून अर्ज लिहवून घेऊन दाद मागितली. ती लागली नाहीं.

पेन्शनीनंतर ते सातारा जिल्ह्यांत नोकरीस राहिले. १९०१ सालीं मुलें त्यांच्याकडे गोरेगांवास निघालीं, तेव्हां मसूर स्टेशनावर गाडीवान त्यांना नेईनात. सुभेदाराच्या लेंकरांची ही गत! तरी हा बाप खचला नाहीं. मुंबईंत भीमाच्या पुस्तकांसाठीं लेकींपुढें हात पसरले, दागिने गहाण टाकले. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं ते वारले. त्याच वर्षीं भीमराव अमेरिकेस शिकावयास गेले.

सातारा-सांगलीच्या गांवोगांवीं पेन्शनर शिपाई आहेत. त्यांना माझें हात जोडून सांगणें : पेन्शन लग्नांत, जत्रेंत, कोर्टकज्जांत घालवूं नका. ती मुलांमुलींच्या पुस्तकांना लावा. रामजींनीं तेंच केलें.