मुंगीची पेरणी



चालकांनी आम्हांला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही "मुंगी आणि एरंड" असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. लांबलेल्या, निरस बोलण्याला आपल्याकडे एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात, हे त्यांना आठवले असावे. आम्ही त्यांना एवढेच वचन दिले की, गुऱ्हाळ एरंडाचे असले तरी ते वेळेत आटोपेल, आणि जमल्यास त्यातून थोडासा रसही निघेल.

एरंड आपल्या ठाण्या-कल्याणच्या माणसाला परका नाही. रुळांच्या कडेला, नाल्याकाठी, पडक्या वाड्याच्या जोत्यावर, बांधकामाची माती टाकली असेल तेथे तो न लावता उगवतो. मूळचा तो आफ्रिकेच्या ईशान्य भागातला. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात त्याचे तेल इतके मुरलेले की, त्याला कोणी परदेशी म्हणणार नाही. प्रश्न असा, की हा एरंड लावतो कोण?

एका उन्हाळ्यात आम्ही कल्याणच्या एका मोकळ्या जागेशी दुपारभर बसून राहिलो. घरच्यांनी वेड्यात काढले, ते असो. कडक उन्हात एरंडाची वाळलेली बोंडे तडकतात. 'टच्' असा आवाज होतो आणि तीन कप्प्यांतले बी चार-सहा पावलांवर उडून पडते. हे बी आपण हातात घेऊन पाहा. तपकिरी, ठिपकेदार, थेट रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडासारखे दिसते. लॅटिनमध्ये या झाडाचे नाव 'रिसिनस' पडले तेही गोचिडावरूनच. या बियांच्या टोकाला एक पांढरट, मऊ गाठ असते. पोरे ती नखाने उडवतात. मोठी माणसे तिच्याकडे पाहतही नाहीत. सगळी गोष्ट आहे ती या गाठीत.

पडलेल्या बियांपाशी थोड्याच वेळात एक मुंगी आली. तिने गाठ चाचपली आणि ती निघून गेली. मग पाच-सहा जणी आल्या. कोणी ओढते आहे, कोणी ढकलते आहे, दोघी तर एकमेकींच्या उलट दिशेला जोर लावताहेत. आपल्याकडे सार्वजनिक कामात चालते तसेच सारे चालले होते. पण संध्याकाळपर्यंत बी हलले. दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी, मुंग्यांनी बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात, तेच बी पडलेले दिसले. गाठ नाहीशी झाली होती, कवच मात्र जसेच्या तसे चकचकीत होते.

या व्यवहाराला शास्त्रीय नाव मिळाले १९०६ साली. रुटगर सेर्नांडर नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने युरोपातल्या अशा वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि या गाठीला 'इलायोसोम' म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तेलाचा पिंड. आपण तैलपिंड म्हणू. हा पिंड बियांना उगवण्यासाठी लागत नाही. तो आहे हमाली. बी बिळापर्यंत पोचवावे आणि मजुरी म्हणून पिंड घ्यावा, असा हा करार. मुंग्या पिंड आपल्या अळ्यांना भरवतात आणि उरलेले बी केरात टाकतात. हा केर बिळाच्या आत किंवा दाराशी साठतो. त्यात मेलेले किडे, विष्ठा, भुसभुशीत माती. म्हणजे झाडाच्या दृष्टीने आयते खतावलेले वाफे!

मौज अशी की, हा करार थोडासा फसवणुकीचाही आहे. तैलपिंडातले काही स्निग्ध पदार्थ मेलेल्या किड्याच्या अंगातल्या पदार्थांशी मिळतेजुळते असतात. मुंगीला बी दिसत नाही, शिकार दिसते. झाडाने बियांच्या डोक्यावर जणू एक किडा बांधून दिला आहे. असे करणाऱ्या सपुष्प वनस्पती जगात अकरा हजारांहून अधिक आहेत, आणि ही युक्ती एका घराण्याने शोधून इतरांना दिलेली नाही. निरनिराळ्या कुळांत ती शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे.

आपण म्हणाल, मुंग्या तर दाणे खातात, मग त्या पेरतील कशा? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आपल्याच मुलखात आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी पुण्यास होता. १८२९ च्या पावसाळ्यात पुण्याजवळ त्याला उघड्या जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. बिळात साठवलेले बी पावसाने भिजले, म्हणून मुंग्यांनी ते बाहेर आणून उन्हात घातले होते. चैत्र-वैशाखात आपल्या गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण असते, तसेच हे मुंग्यांचे वाळवण. साइक्सने त्या मुंगीला दूरदर्शी या अर्थाचे 'प्रॉव्हिडन्स' हे नाव देऊन १८३५ साली तिचे वर्णन छापले. ही मुंगी बीच खाते. वाटेत सांडले, कोठारात विसरले, तेवढेच उगवायचे. एरंडाची मुंगी मात्र मजुरी खाते आणि माल पोचवते. दोघींतला हा भेद लक्षात ठेवावा.

आता मोकळ्या जागेतून उठून आपण येऊरच्या डोंगरात जाऊ. पहिल्या पावसानंतर तेथे झाडांच्या पायथ्याशी रानहळदीचे गुलाबी तुरे जमिनीतून वर येतात. आल्या-हळदीच्या या कुळात बियांना बहुधा पांढरट मांसल वेष्टन असते, आणि याच कुळातल्या ग्लोबा नावाच्या नाजूक रोपांचे बी मुंग्या वाहून नेताना अभ्यासकांनी पाहिले आहे. थंड देशांतल्या जंगलांत तर व्हायोलेटसारखी जमिनीलगतची कितीतरी फुले मुंगीवरच विसंबून असतात. वडा-पिंपळाचे बी पाखरे नेतात, सावरीचे वाऱ्यावर जाते. वीतभर उंचीच्या फुलाला वाराही लागत नाही आणि पाखरूही विचारत नाही. त्याला मुंगीच वाहन.

पण हे वाहन जाते किती? जगभरच्या मोजमापांची सरासरी काढली तर एक-दोन मीटर. शंभर मीटरांपलीकडे बी गेल्याच्या नोंदी अगदी तुरळक. आपण एक हिशेब करू. बी पडल्यापासून त्याच्या रोपाला पुन्हा बी धरायला तीन वर्षे लागतात आणि दर पिढीला बी दोन मीटर पुढे जाते, असे धरून चाला. एक किलोमीटर जायला पाचशे पिढ्या, म्हणजे दीड हजार वर्षे लागतील. श्रीस्थानकात, म्हणजे या आपल्या ठाण्यात, शिलाहारांचे राज्य सुरू झाले त्याच्याही दोन-अडीचशे वर्षे आधी निघालेले फूल आज एक किलोमीटर पोचलेले असेल! हिशेब आमचा ढोबळ आहे. अमेरिकेत असाच हिशेब एका रानफुलाचा नीट मांडला गेला, १९९८ साली. मुंगीच्या चालीने ते सोळा हजार वर्षांत दहा-अकरा किलोमीटर सरकायला हवे होते. प्रत्यक्षात ते शेकडो किलोमीटर पसरले आहे. म्हणजे क्वचित कधीतरी हरणासारखे एखादे जनावर बी दूर नेते. पण तो योगायोग झाला. रोजचा प्रवास मुंगीच्या पावलांचाच.

यातूनच आमचा आजचा मुद्दा निघतो. जंगल तोडून शेती केली आणि पुढे ती पडीक टाकली, तर झाडे काही दशकांत परत येतात. जमिनीवरची फुले येत नाहीत. युरोप-अमेरिकेत अशी नवी जंगले आहेत, जेथे वर दाट सावली आणि खाली जुन्या जंगलातली कितीतरी फुले शेजारी असूनही पोचलेली नाहीत. आणि मुंगीच बदलली तर? दक्षिण आफ्रिकेत अर्जेंटिनाहून आलेल्या मुंगीने तिथल्या देशी मुंग्यांना हुसकावले. १९८४ साली असे प्रसिद्ध झाले की, ही पाहुणी पिंड खाते पण बी पुरत नाही. उघड्यावरचे बी इतर प्राणी फस्त करतात. जेथे ती आली तेथे त्या झुडपांची नवी रोपे जवळजवळ दिसेनाशी झाली. मजूर आले, मजुरी गेली, माल मात्र जागेवरच राहिला.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी वृक्षारोपण मोठ्या हौसेने होते. त्यात गैर काही नाही. आम्हीही खड्डे खणले आहेत. पण रोप लावणे म्हणजे जंगल करणे नव्हे. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो, पालापाचोळा जळतो, त्यात घर करणाऱ्या मुंग्या जातात, आणि जून महिन्यात आपण त्या राखेत झाडे लावून समाधानाने घरी येतो. झाड आपण लावू शकतो. त्याच्याखालची वीतभर उंचीची सृष्टी लावणारा मजूर आपल्याजवळ नाही. तो त्या पाचोळ्यात आहे. म्हणून जुने रान राखणे हे नवे रान लावण्याहून मोठे काम आहे. राखले तर ते आपोआप पेरले जाते, तोडले तर कितीही खड्डे खणले तरी ते पुरते परत मिळत नाही. आवारातला पाचोळाही केर समजून पेटवू नये. झाडाच्या बुंध्याशी लोटून ठेवावा. एवढे तर प्रत्येक सोसायटीला करता येईल.

शेवटी, आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एरंडाच्या वीस बिया घ्या. दहांची गाठ नखाने काढा, दहांची राहू द्या, आणि दोन्ही ढीग मुंग्यांच्या वाटेवर शेजारी शेजारी ठेवा. कोणता ढीग आधी हलतो ते मुलांना मोजू द्या. मात्र एरंडाचे बी विषारी असते. लहान मुलांच्या हाती ते एकटे देऊ नका, आणि नंतर हात धुवायला विसरू नका.

आपल्याकडे मुंग्यांना पीठ-साखर घालण्याची जुनी चाल आहे. ती घालताना आपण पुण्य जोडतो असे समजतो. एरंड आणि रानफुले हेच फार पूर्वीपासून करीत आहेत, आणि त्याचे फळ त्यांना याच जन्मी मिळते.