बलोपासना आणि धीर



नववर्षाच्या संकल्पाने जानेवारीत व्यायामशाळा गजबजतात आणि उन्हाळा लागेपर्यंत ओस पडतात. मध्येच सोडून जाणारे सारेच आळशी नसतात. शरीराच्या वाढीचा क्रम ठाऊक नसल्यामुळे त्यांतील पुष्कळजण निराश झालेले असतात.

वजन उचलण्याच्या व्यायामात पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होते. असलेल्या स्नायूंना एकजुटीने काम करण्याचे वळण लागते. स्नायूंची प्रत्यक्ष वाढ त्यानंतर सावकाश होते आणि स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा बळकट होण्यास त्याहून अधिक काळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रगती खुंटल्याचा भास होतो, तो यामुळेच. नेमक्या याच वळणावर धीर सुटतो.

मणिपूरच्या मीराबाई चानू यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ‘क्लीन अँड जर्क’चे त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले. 2017 मध्ये एकूण 194 किलो उचलून त्या विश्वविजेत्या झाल्या. 2018 मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे आशियाई स्पर्धा हुकली. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी 202 किलो उचलून रौप्यपदक मिळविले. विश्वविजेतेपद आणि हे रौप्यपदक यांमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. भार वाढला तो अवघा आठ किलोंनी! 2024 मध्ये पॅरिसला एका किलोने कांस्यपदक हुकले. 2025 मध्ये जागतिक स्पर्धेत त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळविले.

सामान्य साधकाने यातून काय घ्यावे? रोज आरशात पाहण्यापेक्षा वहीत नोंद ठेवावी आणि तुलना तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करावी. भार थोडा थोडाच वाढवावा. आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा क्रम पुरेसा आहे, पण तो मोडू नये. ज्या स्नायूंना श्रम झाले, त्यांना पुरेशी विश्रांती द्यावी. बळ भरून येते ते झोपेत आणि आहारातून. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करू नये. त्याने दुखापत मात्र होते. उत्साह ओसरलेल्या दिवशी थोडाच व्यायाम करावा, पण ठरलेली वेळ चुकवू नये.

घरातील वडीलधाऱ्यांनीही ‘अजून काही फरक दिसत नाही’ असे म्हणून मुलामुलींचा हिरमोड करू नये. त्यांच्या सोबतीने स्वतः व्यायामाला उभे राहावे. उतारवयातही स्नायूंचे बळ वाढविता येते, हे आज सिद्ध झाले आहे.