कोयता उचलण्याआधी

दसरा सरला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. पीठ-मीठ, भांडी, पांघरुणं, सगळं आपण आठवणीनं घेतो. तब्येतीची तयारी मात्र राहून जाते. आम्ही बचतगटाच्या बाया आज तेवढ्याचसाठी आलो आहोत.

फडात पहाटेपासून वाकून तोडायचं, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. आडोसा नाही, म्हणून आपण पाणीच कमी पितो. मग लघवीला जळजळ होते. पाळीत कपडा बदलायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. पण एक दिवस बसलं तरी खाडा कापतात, म्हणून दुखणं अंगावर काढतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, पिशवी काढून टाक. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या अशा ऑपरेशनांचा विषय 2019 साली राज्यभर गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली. बायांनो, पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी उतार पडतो. पिशवी काढायला सांगितलं, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आता तीन कामं करू.

पहिलं, निघण्याआधी आशाताईला सोबत घेऊन तपासणी. रक्त, रक्तदाब बघून घ्या आणि कागद जपून बरोबर न्या.

दुसरं, फडावर दवाखाना लांब असला तरी फोन जवळ असतो. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. मोबाईल नंबर टाकून नोंद करायची, डॉक्टर व्हिडिओवर बोलतात, औषधाची चिठ्ठी फोनवरच येते. फोन चालवायला जमत नसेल, तर जवळच्या उपकेंद्रात जोडून देतात. लाजू नका, सगळं सांगा. पण कोयता लागला, साप चावला, फार रक्त जायला लागलं किंवा बाळंतकळा सुरू झाल्या, तर व्हिडिओची वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा.

तिसरं, उचल घेतानाच मुकादमाशी बोला. आजारी बाईचा खाडा कापायचा नाही, हे तेव्हाच ठरवून घ्या. फोनवरच्या डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली आणि मुकादमानं दोन खाडे लावले, तर त्या सल्ल्याचा काय उपयोग? एकटी बोलली तर ऐकणार नाही. दहा कोयते मिळून बोलले, तर त्याला विचार करावा लागेल.

गाडी भरायला अजून आठवडा आहे. तेवढ्यात हे उरकून घेऊ.